रेघेपर्यंत भरलेली नळी

शर्मिला खिल्लारे हे नाव कोपरखैरण्यात फार कुणाला माहीत असायचं कारण नाही. पण घरोघर फिरून रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या माणसांना विचारा, ते कपाळाला हात लावतील. तिच्या पाठीमागे ते तिला ‘रेघवाली’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघायची जी तपासणी असते, तिची नळी वेगळी, निळ्या टोपणाची. रक्त वाटेतच गोठू नये म्हणून तिच्या तळाला आधीच थोडं औषध घातलेलं असतं. औषध मोजून घातलेलं, म्हणून रक्तही मोजूनच हवं, नळीवर रेघ असते तिथपर्यंत. रक्त कमी पडलं की औषध जास्त होतं, मशीनमध्ये ते रक्त उशिरा गोठतं, आणि आहे त्यापेक्षा पातळ असल्याचा आकडा येतो. गणित एवढंसंच. पण एवढंसं गणितसुद्धा घाईच्या माणसाला जड जातं, आणि शर्मिला त्या घाईच्या आड यायची. आलेली नळी ती उजेडात धरायची, आणि रक्त रेघेच्या खाली दिसलं की नळी गेलीच परत.

“मॅडम, जरासंच कमी आहे हो. म्हातारी बाई आहे, नसच सापडत नव्हती.”

“मग परत जा आणि शोध. मशीनला म्हातारी-तरणी कळत नाही.”

लॅब वैष्णवी मॅडमची. स्वतः डॉक्टर, रिपोर्टवर सही त्यांची. त्या कधीतरी वैतागून म्हणायच्या, “शर्मिला, अगं लोक एकदाच हात देतात, दोनदा नाही देत. असं केलंस तर पेशंट तुटतील.” शर्मिला कपाट पुसता पुसता उत्तर द्यायची, “तुटले तर चालतील मॅडम. मेले तर नाही चालणार.” आता अशा बाईशी कोण वाद घालणार! मॅडम हसून केबिनमध्ये निघून जायच्या.

ती या कामाला लागली तेव्हा मशीन नव्हतं. कोमट पाण्यात काचेची नळी धरायची, एका हातात घड्याळ घ्यायचं, आणि नळी हळूहळू कलती करत रक्ताची पहिली गुठळी डोळ्यांनी धरायची. मान मोडून यायची. मग मशीन आलं. नळी ठेवली की ते स्वतःच तिच्यावरची नावाची पट्टी वाचतं, रक्त किती भरलंय ते बघतं, सुई खाली उतरवतं आणि आकडा पडद्यावर टाकतं. शर्मिलाला त्या मशीनचं भारी कौतुक. रोज सकाळी ती त्याला आधी माहीत असलेल्या आकड्याचा नमुना घालायची. तो बरोबर आला तरच पेशंटच्या नळ्या लावायची. “आधी याची परीक्षा, मग लोकांची,” असं म्हणायची. घरी येऊनसुद्धा मशीनच्याच गोष्टी. नवरा अभय तुर्भ्याला कारखान्यात पॅकिंगला, तो बिचारा थकून आलेला असायचा, जेवता जेवता हं हं करायचा. खरं ऐकणारी एकच, तिची सासू.

सुंदराबाई जालन्याकडची. नवरा मार्केटमध्ये माथाडी होता, त्याच्यामागून ती कोपरखैरण्याच्या या बैठ्या घरात आली, आणि तो गेल्यावरही इथलीच झाली. बोलणं मात्र गावचंच राहिलं, आणि शिव्याही गावच्याच. तिच्या शिव्यांचा कुणाला राग यायचा नाही, उलट ती गप्प असली की शेजारची राजाबाई दारात येऊन विचारायची, “बाय, आज बरं नाय का?” शर्मिला महाडकडची, भात-माशावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा भाकरी थापताना तव्याएवढा नकाशा काढायची. “ह्या भाकरीवर कोकण कुठं हाय ते दाखव बरं,” सुंदराबाई म्हणायची, आणि स्वतः परातीशी बसायची. सुरुवातीचं वर्ष भांड्याला भांडं लागण्यात गेलं. खोटं कशाला सांगा, शर्मिला तेव्हा माहेरी जाऊन रडलीसुद्धा होती.

पण मुलगी दीक्षा दोन वर्षांची असताना शर्मिलाने लॅबचा कोर्स करायचं मनात घेतलं, आणि नातेवाइकांनी नाकं मुरडली. तेव्हा सगळ्यांना पुरून उरली ती सुंदराबाई. “माझी सून शिकायली तर तुमच्या पोटात कामून दुखायलं? पोरगी मी सांभाळते, भाकरी मी थापते. तुमी फकस्त चहा प्या आन् घरी जा.” ते शिक्षण सुंदराबाईच्या जिवावर झालं, हे शर्मिला कधी विसरली नाही. त्याच वर्षी ती सासूला मराठवाड्याच्या रितीनं ‘आत्या’ म्हणायला लागली. तोवर ‘अहो’ वर भागवत होती.

लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याने सुंदराबाईचं हृदय आतून खाल्लं होतं. ते कळलं फार उशिरा, विहाराच्या पायऱ्या चढताना ती खाली बसली तेव्हा. ऑपरेशन करून हृदयात धातूची झडप घातली. शांत वेळी जवळ बसलं की तिची टिकटिक ऐकू यायची. धातूवर रक्त धरतं, गुठळी होते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी. दोन्हीकडून मरण, मधल्या वाटेनं चालायचं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा, वर गेला तर रक्त फार पातळ, खाली आला तर घट्ट, आणि तो बघायला दर महिन्याला रक्त द्यायचं.

सुंदराबाईची अट एकच. “शर्मिलाशिवाय कुणी सुई आणली तर त्याचा हात मोडीन.” दर महिन्याला कामावर जायच्या आधी शर्मिला तिला पलंगावर बसवायची, दंडाला पट्टा बांधायची. सुंदराबाई तोंड फिरवून शिव्यांची माळ सुरू करायची. सुनेला, सुई करणाऱ्याला, त्या झडपेला, ऑपरेशनवाल्या डॉक्टरला. माळ संपेपर्यंत नळी भरलेली असायची. मग म्हणायची, “झालं? लागलंबी नाही मला. मग मी वरडले कामून?” आणि दोघी हसायच्या.

वर्षं गेली तशा नसा संपत आल्या. सुई टोचून टोचून हात कडक झाले होते. पूर्वी एकदा टोचलं की भागायचं, आता शोधावं लागायचं.

ज्या महिन्याची ही गोष्ट, त्या महिन्यात सुंदराबाईला ताप येऊन गेला होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं होतं. ताप उतरला, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. तपासणीचा दिवस आला. शर्मिलाने डावा हात घेतला. नस सापडली, रक्त आलं, नळी अर्धी झाली आणि थांबलं. सुई हलवली, दाबलं, काही नाही. उजवा हात घेतला, नवी नळी लावली. पुन्हा अर्ध्यावर थांबलं.

आता मनगटाच्या पुढे, पंजाच्या पाठीवर टोचायचं राहिलं होतं. तिथे फार दुखतं. शर्मिलाने वर बघितलं. सुंदराबाई एक अक्षर बोलली नव्हती. शिवी नाही, चेष्टा नाही. नुसती भिंतीकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

शिवी घातली असती ना, तर शर्मिलाने तिसऱ्यांदा टोचलं असतं. त्या गप्प बसण्याने तिचा हात अडला. “झालं आत्या,” ती म्हणाली. “बास झालं.”

“पुरलं का गं?”

“पुरलं.”

आणि ओट्यापाशी पाठ करून उभं राहून तिने एका अर्ध्या नळीतलं रक्त दुसऱ्या अर्ध्या नळीत ओतलं. रक्त बरोबर रेघेपर्यंत आलं. एकाच माणसाचं रक्त, एकाच वेळचं, काय बिघडतं? असं ती मनाशी म्हणाली. बिघडतं काय ते तिला माहीत नव्हतं? रोज दुसऱ्यांना हेच तर सुनावत होती. रक्ताबरोबर तळाचं औषधही ओतलं गेलं, ते दुप्पट झालं, अर्धी नळी जशी चुकीची तशीच ही भरलेली दिसणारी नळीही चुकीची. दुसऱ्या कुणी असं ओतलं असतं तर तिने त्याची लॅबमधून हकालपट्टी केली असती. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ते उगाच नाही. ज्या बाईने आयुष्यभर कुणाची गय केली नाही, तिने एकदाच केली, आणि तीही आपल्याच माणसाची.

लॅबमध्ये मशीनने नळी बघितली. भरलेली होती, त्याने काही हरकत घेतली नाही. आकडा आला साडेचारच्या वर. शर्मिलाने तो पुन्हा वाचला. पण लगेच आठवलं, अँटिबायोटिक. त्याने आकडा वर जातो, हे तिला पाठ होतं. सकाळीच तर मशीन तपासलं होतं, मशीन चोख. मग खोट कुठे असणार? स्वतःच्या हाताचा विचार तिला शिवलासुद्धा नाही.

हृदयाच्या डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, दोन दिवस गोळी बंद, मग निम्मी चालू करा, पंधरा दिवसांनी परत तपासा. “बरं झालं आत्या, वेळेवर कळलं,” ती घरी येऊन म्हणाली. सुंदराबाई म्हणाली, “तुझ्या त्या मशीनला जय भीम सांग माझा.”

पंधरा दिवस झाले. दोन्ही हात अजून काळेनिळे होते. “पुढल्या आठवड्यात बघू की गं,” सुंदराबाई म्हणाली. बाकी कुणाचं ऐकलं नसतं शर्मिलाने. “बरं, पुढच्या आठवड्यात,” म्हणाली.

तो आठवडा पुरता उजाडलाच नाही. शर्मिला कामावर, अभय पहिल्या पाळीला. सुंदराबाई दारात मेथी निवडत राजाबाईशी बोलत होती. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवाल्याला शिव्या चालल्या होत्या, आणि एक शिवी अर्ध्यावरच तुटली. राजाबाईला वाटलं, ठसका लागला. बघते तर उजवा हात खाली पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने सगळी गल्ली गोळा केली.

वाशीच्या हॉस्पिटलात शर्मिला धावत पोचली तेव्हा अभय आधीच आला होता. तिथला डॉक्टर कागद बघत होता. “मेंदूत गुठळी गेलीय. झडपेवरून सुटलीय. यांचा आकडा सव्वावर आहे. झडपेच्या पेशंटचं रक्त इतकं घट्ट कसं? गोळ्या बंद केल्या होत्या का?”

“काय बोलताय सर,” अभय म्हणाला. “माझी बायकोच लॅबमध्ये आहे. आईचं सगळं तीच बघते. त्या बाबतीत आम्हाला कसलं टेन्शनच नाही.”

शर्मिलाच्या डोळ्यांसमोर त्या दोन अर्ध्या नळ्या उभ्या राहिल्या.

तरी मन वेडं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅबमध्ये गेली आणि वैष्णवी मॅडमना म्हणाली, “माझं रक्त काढा.” मॅडमना काही कळेना, पण तिचं तोंड बघून त्यांनी मुकाट्याने पट्टा बांधला. एक निळी नळी रेघेपर्यंत भरून घेतली, दोन अर्ध्या घेतल्या. त्या दोन अर्ध्या शर्मिलाने एकात ओतल्या. आता दोन्ही नळ्या सारख्याच भरलेल्या दिसत होत्या. मशीनची परीक्षा घेऊन झाली आणि दोन्ही नळ्या लावल्या.

एकच बाई, एकच हात, एकच सकाळ. पहिल्या नळीचा आकडा धडधाकट माणसाचा. ओतलेल्या नळीचा त्याहून वर. तिच्यासारख्या निरोग्या बाईचं रक्त ते औषध इतकं पातळ दाखवत होतं, मग गोळी खाणाऱ्या म्हातारीचं काय दाखवलं असेल? आत्याचा आकडा त्या दिवशी मध्येच होता. बरोबर मधल्या वाटेवर. तिला तिथून खाली ढकललं होतं ते शर्मिलाने.

मॅडमनी दोन्ही आकडे बघितले, ओतलेली नळी बघितली. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

“कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“आमच्या आत्याचं.”

मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “सही माझी आहे, शर्मिला. मी तुला काय बोलू? आता घरी मात्र काही बोलू नकोस. घर मोडेल.”

पण शर्मिलाला ते पोटात ठेवणं जमण्यासारखं नव्हतं. भेटायच्या वेळेत ती वॉर्डमध्ये गेली. सुंदराबाईची वाचा गेली होती, उजवं अंग मेलं होतं, पण बोललेलं सगळं कळतंय, असं डॉक्टर म्हणाले होते. अभय खाली औषधं आणायला गेलेला. शर्मिला स्टूल ओढून बसली.

“आत्या, तुमचं रक्त त्या दिवशी पुरलं नव्हतं. मी खोटं बोलले. दोन नळ्या एकात ओतल्या. त्यानं आकडा चुकला, म्हणून डॉक्टरांनी गोळी कमी केली, म्हणून हे झालं. माझ्यामुळं झालं.”

सुंदराबाई तिच्याकडे बघत राहिली. शर्मिला मनातल्या मनात हात जोडून एकच मागत होती, एक शिवी दे. कसलीही दे, आईबापावरून दे, पण दे. ज्या तोंडाने गल्लीत कुणाला सोडलं नाही, त्या तोंडातून नुसता घशातला आवाज आला. मग सुंदराबाईने मान वळवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

शर्मिला काय समजायचं ते समजली. संपलं, तिला वाटलं. हिने मला टाकलं.

तेवढ्यात नर्स आली. रक्त पातळ करायचं औषध आता सुईतून चालू होतं, त्यासाठी रोज निळी नळी लागत होती. सोनम नाव तिचं, स्वभावाने चांगली पोरगी, पण नवखी. तिने सुंदराबाईचा डावा हात हातात घेतला, इकडून दाबला, तिकडून दाबला. सुंदराबाईने हात हिसडला. सोनमने पुन्हा धरला. सुंदराबाईने पुन्हा हिसडला, घशातून मोठा आवाज काढला. आणि मान फिरवून, तो चालता एकच हात उचलून, तिने शर्मिलापुढे धरला. तळहात वर, कोपर सरळ, दर महिन्याला पलंगावर बसून धरायची तसा.

“ताई, तुम्ही लॅबमधल्या ना?” सोनम म्हणाली. “आजी तुम्हालाच सांगतायत. घ्या तुम्हीच, मी उभी राहते इथे.”

शर्मिलाने त्या हाताकडे बघितलं. टोचल्याच्या जुन्या डागांत तिला नस दिसतसुद्धा होती, कोपराच्या जरा खाली. कुणाला दिसली नसती, तिला दिसली. पण तिने आपले हात मांडीवरून उचलले नाहीत. ह्याच हातांनी हे केलं, आता ह्याच हातांनी परत शिवायचं कोणत्या तोंडाने? “मला नाही जमणार,” ती म्हणाली. “मला नाही जमणार हो.” आणि ती उठून वॉर्डाबाहेर गेली, जिन्यापाशी जाऊन तोंडात पदर कोंबून उभी राहिली. आतून सुंदराबाईचा आवाज येत होता. दोन आयांना बोलावून हात धरून ठेवावा लागला, तेव्हा कुठे नळी भरली.

ती परत आत गेली तेव्हा सुंदराबाईला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी भेटायला यायच्या आत, दुसरी गुठळी सुटली, आणि सुंदराबाई गेली.

जलदानाच्या कार्यक्रमाला जालन्याहून माणसं आली. एकजात सगळ्यांनी शर्मिलाचं कौतुक केलं. लेकीने केलं नसतं एवढं सासूचं केलं म्हणाले. राजाबाईने तर सगळ्यांसमोर सांगितलं, “म्हातारी दुसऱ्या कुनाला सुई लावू देत नव्हती, एवढा भरोसा होता हिच्यावर.” शर्मिला खाली मान घालून लोकांना पाणी देत होती.

माणसं पांगली, आणि तिने अभयला सगळं सांगितलं. नळ्यांचं सांगितलं, पुढे ढकललेल्या तपासणीचं सांगितलं, लॅबमध्ये स्वतःच्या रक्तावर बघितलं तेही सांगितलं. तो आईच्या पलंगावर बसून ऐकत होता. तो ओरडेल, घरातून जा म्हणेल, अशी तिची तयारी होती. तो ओरडला नाही. चूक कुणाच्या हातून होत नाही, एवढंच म्हणाला, तेही तिच्याकडे न बघता. मग तिने वॉर्डातलं सांगितलं. आत्याने हात पुढे केला ते, आणि आपण उठून बाहेर गेलो ते.

तेव्हा अभयने वर बघितलं.

“तू तिला सगळं सांगितलंस, आणि त्याच्यानंतर तिनं तुला हात दिला?”

“हो.”

“मग तू का गं गेलीस?” तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

शर्मिला अजून त्याच लॅबमध्ये आहे, मशीन तीच चालवते, रेघेखालची नळी आजही परत पाठवते. पण तिने त्या दिवसानंतर कुणाच्या दंडाला पट्टा बांधलेला नाही. कुणी समोर बसून हात पुढे केला की ती दुसऱ्या कुणाला तरी हाक मारते.